ढेकणाचं आडनाव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांचं नाव घेईन, नाहीतर शिरूरच्या कॉलेजातल्या सरांचं, अशी लोकांची अपेक्षा असते. त्या सगळ्यांचे उपकार आहेतच. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे मला आभार मानायला माणसं पुष्कळ आहेत. पण खरं उत्तर एकच आहे: दौंडचे गादीवाले चाचा. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत ढेकूण न चावलेला माणूस शोधून सापडणार नाही. मात्र ढेकणाला आधी त्याचं गाव विचारून मग मारणारा माणूस या दोन तालुक्यांत एकच झाला, आणि माझा संसार आज उभा आहे तो त्यांच्या या एका सवयीमुळे. हे मी विनोदानं लिहीत नाही.

चाचांचं दुकान दौंड स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर होतं. घराणं पिढीजात कापूस पिंजणारं. वडिलांच्या हातात धनुकली होती, चाचांच्या काळात मशीन आलं. पुढे नव्या गाद्या एकावर एक रचलेल्या असत, आणि मागच्या खोलीत लोकांनी पिंजून भरायला टाकलेल्या जुन्या. दुसरे गादीवाले जुनी गादी आली की सरळ खोळ उसवून कापूस मशीनमध्ये घालतात. चाचा आधी गादीपुढे मांडी घालून बसत, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावत आणि शिवणीवरून बोट फिरवत पुढे सरकत. चिमट्यात ढेकूण सापडला की गिऱ्हाइकाकडे वळून विचारत, "मधी कुणाला वापराया दिली होती का गादी?" गिऱ्हाईक लाजेनं "न्हाई न्हाई" म्हणालं, की चाचा ढेकणाकडे पाहत म्हणत, "ह्याचं म्हणणं वेगळं हाय." मग शंभर पानी वही निघे. ढेकूण सेलोटेपखाली चिकटवायचा आणि त्याच्यासमोर लिहायचं: नाव, मूळ गाव, सध्याचा मुक्काम, स्वभाव. एवढं झालं की त्याचे बाकीचे नातेवाईक रॉकेलच्या वाटीत. एवढी ओळख झाल्यावर मारवतं कसं, असं मी एकदा विचारलं होतं. "ओळख ओळखीच्या जागी," चाचा म्हणाले, "धंदा धंद्याच्या जागी." चाचींना हे मुळीच पसंत नव्हतं. मागच्या दारातून त्यांचा आवाज येई, "घर का कुछ पूछो तो याद नहीं, और खटमलों का गाँव-तालुका सब मुँहजबानी!" चाचा मान न वळवता म्हणत, "जिल्हा बी सांगतो. सगळे पुणे जिल्ह्याचेच हायत."

माझी आणि त्यांची गाठ पडली ती मला झोप मिळेना म्हणून. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मला कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात काम मिळालं. तिथे प्राण्यांचा काही संबंध नव्हता, पण ठेकेदार म्हणाला, "सायन्स हाय ना? बास." राहायला सहा जणांत एक खोली होती आणि दोन कॉट. कारखाना तीन पाळ्यांत चाले, त्यामुळे एका कॉटला तिघं पुरत: एक उठून कामावर गेला की दुसरा येऊन आडवा होई. कॉट कधी थंड पडत नसे. तिथल्या ढेकणांनी माझं जे केलं त्यावरून मी सुट्टीच्या दिवशी दौंडला नवी गादी घ्यायला गेलो. चाचांनी गादी द्यायला साफ नकार दिला. "गादी देतो, पर तुझ्याकडं कोण राहतंय ते कळल्याबिगर न्हाई. पुढच्या येळी एक जिता घिऊन ये." मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत एक जिवंत ढेकूण घेऊन गेलो. तो पाहून चाचांचा चेहरा असा उजळला की घरच्यांनीही माझ्या पदवीच्या निकालाला तेवढा आनंद दाखवला नव्हता. त्या दिवसापासून मी त्यांचा 'बीएस्सी' झालो. त्या पदवीमुळे मला त्या काळात जिथे मान मिळाला, अशी ती एकच जागा होती. दर सुट्टीला मी त्यांच्या दुकानात जाऊन बसू लागलो.

नाव देण्याची त्यांची रीत आपल्या माणसांसारखीच होती. ज्या गावचा ढेकूण, त्या गावाला 'कर' लावायचा. पण हे 'कर' फुकट मिळत नसे. एका गादीत तीन पिढ्या काढल्याशिवाय ढेकणाला आडनाव नाही. तोवर वहीत त्याची नोंद 'पाहुणा' अशीच राही. "आमच्या सात पिढ्या दौंडात गेल्या," चाचा एकदा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "आमाला कुणी दौंडकर म्हटलं न्हाई. म्हणून काय आपण ढेकणावर अन्याय करायचा?" तर दौंडकर ढेकूण हा जंक्शनवर वाढलेला. कॉट आपटली की इतर ढेकूण पळतात. दौंडकर हलत नाही, त्याला वाटतं गाडी आली. घाई त्याच्या स्वभावात नाही, कारण कुठलीच गाडी वेळेवर येत नाही हे त्याला ठाऊक आहे. पाटसकर साखर कारखान्याच्या बाजूचा, म्हणून हंगामी. गळीत हंगामात फुगून टम्म होतो आणि हंगाम संपला की असा सुकतो की भिंगातूनही ओळख लागत नाही. शिरूरकर बाजारपेठेतला. तो कधी चावला ते समजत नाही, घरी जाऊन हिशेब लावल्यावर समजतं. आणि केंदूरकर, म्हणजे माझ्या गावचा, हा एकटा राहतो. "एका फटीत दोन केंदूरकर बसत न्हाईत," चाचा मला म्हणाले. "भावकी आडवी येती." मला गावाच्या वतीनं काहीतरी बोलायचं होतं, पण आमचं आणि चुलत्यांचं बांधावरून तेव्हा सात वर्षं बोलणं बंद होतं.

या विद्येमुळे चाचांना लोक जपून असत. एकदा दौंडात एका लग्नात ते एका पुढाऱ्याच्या शेजारी बसले होते. पुढारी सांगत होता की काल दिवसभर मुंबईला मीटिंग होती, तिथूनच तो थेट मांडवात आला. चाचांनी हळूच त्याच्या कॉलरवरून काहीतरी उचललं, खिशातलं भिंग काढलं आणि अत्यंत आदरानं म्हणाले, "सायेब, काल शिरूरला मुक्काम होता व्हय?" पुढारी जेवायला थांबला नाही. शिरूरला त्याचं कोण होतं हे चाचांना ठाऊक नव्हतं, आणि ते कळून घेण्याची त्यांना इच्छाही नव्हती. त्यांना फक्त नोंद पुरी करायची होती.

मी शिकलेला माणूस. हे सगळं ऐकून घेताना मला आत टोचत असे. शेवटी एका रविवारी मी धीर करून म्हणालो, "चाचा, रागावू नका, पण शास्त्रात ह्या सगळ्या ढेकणांची जात एकच असते. फार तर दोन."

चाचांनी भिंग काढून खाली ठेवलं. "पुस्तकात लिवलंय?"

"हो."

"बरं. आन् माणसाच्या किती जाती लिवल्यात पुस्तकात?"

"एकच."

"तिथं 'फार तर' बी न्हाई?"

"नाही."

"आन् केंदुरात किती हायत?"

चाचांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि पुढच्या शिवणीकडे वळले. जिंकल्याचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हता. त्यानंतर मी त्यांच्याशी शास्त्रावर वाद घातला नाही.

मग माझं लग्न ठरलं. मुलगी पाटसची. सासऱ्यांनी आंदणात भांडी, कपाट आणि एक डबल गादी दिली. गादी चाचांकडून भरून घेतली होती, कारण त्या भागात चांगली गादी म्हणजे चाचांचीच. मी अठरा दिवसांची रजा घेऊन केंदूरला गेलो. कपडे नेले ते खोलीतल्या माझ्या नेहमीच्या बॅगेत, आणि ती बॅग आमच्या खोलीत खुंटीला अडकवली. लग्न छान झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी नवी नवरी दंडावर चावल्याच्या लाल गांधी घेऊन उठली, आणि दुपारी आईनं नव्या गादीवर भरउजेडात चालणारा ढेकूण पाहिला.

आमची आई वाईट नाही. पण तिच्या घरात ढेकूण नाही हा तिचा मोठा अभिमान होता, आणि तो तिनं सासूकडून वारशानं घेतला होता. "माझ्या सासूच्या काळापासनं ह्या घरात ढेकूण न्हाई," ती म्हणाली. "गादी आली आन् ढेकूण आला. ह्यात आता शिकल्याल्यांनी काय इचार करायचा?" असं म्हणून तिनं ती गादी उचलली आणि अंगणात, रस्त्यावरून दिसेल अशी, दगडी कट्ट्यावर टाकली. आमच्या गल्लीत अंगणात टाकलेली नव्या नवरीची गादी ही तोंडानं उच्चारायच्या शिवीपेक्षा मोठी गोष्ट आहे. येणारा-जाणारा थांबून विचारू लागला, आणि आई सांगू लागली. वडील गोठ्याकडे निघून गेले. घरात वाद झाला की त्यांना म्हशीची आठवण येते. दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे नवरी चार दिवसांसाठी माहेरी गेली, आणि चार दिवस झाल्यावर आलीच नाही. सासऱ्यांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. "पाव्हणं, आधी गादी घरात घ्या. मग पोरगी यील."

आई म्हणाली, "आधी पोरगी यिऊ दे. मग गादीचं बघू."

गादी अंगणात, नवरी पाटसला, आणि मी मधे. असे अकरा दिवस गेले. माझे मामा तर "असल्या नात्यातनं आत्ताच सोडचिठ्ठी लिहून मोकळं झाल्यालं बरं," इथपर्यंत आले. त्यावर आईही "न्हाई" म्हणाली नाही. रजेचा एकच दिवस उरला होता. मी उठलो, दौंड गाठलं आणि चाचांपुढे जाऊन बसलो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ढेकूण दुपारचा दिसला?" मी हो म्हणालो. त्यांनी मशीन बंद केलं, भिंग आणि वही पिशवीत टाकली. "दोन्हीकडची माणसं समोर पायजेत," ते म्हणाले. "एकतर्फी पंचनामा मी करत न्हाई." चाची दारातून म्हणाल्या, "लोग शादी में जाते खाना खाने को, ये जाते खटमल देखने को!" चाचा चप्पल घालत म्हणाले, "खाना बी हुईल. निकाल लागला तर."

दोन एसट्या बदलून आम्ही केंदूरला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सासरे माझा फोन मिळताच पाटसहून आधीच येऊन, अंगणात गादीच्या शेजारी, चपला न काढता उभे होते. आईनं चाचांना पाणी दिलं आणि लगेच सुनावलं, "गादी तुमचीच हाय म्हणं. मग तुमी तुमच्या तोंडानं काय सांगणार?"

"मी कायबी सांगणार न्हाई, ताई," चाचा म्हणाले. "ढेकूण सांगंल."

त्यांनी आधी गादी उसवली. सगळ्यांसमोर, टाक्यामागून टाका, कापूस पसरून, भिंग लावून. पाऊण तास गल्ली श्वास रोखून उभी होती. गादीत काही नव्हतं. चाचांनी वहीत 'निरंक' लिहिलं आणि ते पान सासऱ्यांना व आईला, दोघांनाही दाखवलं. मग ते आमच्या खोलीत गेले, एक खुर्ची मागितली, भिंतीकडे तोंड करून बसले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. "आता?" मामांनी विचारलं. "आता थांबायचं," चाचा म्हणाले. तीन वाजायला पाच मिनिटं असताना खुंटीवरून एक ढेकूण खाली उतरला. खिडकीतून ऊन सरळ भिंतीवर पडलं होतं. त्या उन्हातून तो कुणालाही न भिता, कामावर निघालेल्या माणसासारखा चालत कॉटकडे गेला. त्याच्या मागून दुसरा.

"तीन वाजले," चाचा म्हणाले. "पहिली पाळी सुटली."

कुणाला काही कळलं नाही. चाचांनी पहिला ढेकूण चिमट्यात धरला आणि शाळेत मास्तर सांगतात तसं सावकाश सांगितलं. ढेकूण अंधाराचा जीव. केंदूरकर, पाटसकर, कुणीही असो, उजेडात बाहेर पडत नाही. उजेडात फिरतो असा एकच ढेकूण त्यांच्या वहीत आहे. तो जिथे वाढला तिथे कॉटवर दिवसासुद्धा कुणीतरी झोपलेलं असतं, तीन वाजता एक उठतो आणि दुसरा येतो; त्यामुळे दिवस कुठला, रात्र कुठली हे तो विसरून गेला आहे. "हा कुरकुंभकर हाय," चाचा म्हणाले. मग खुंटीकडे बोट केलं. "बॅग कुणाची?"

सगळ्या गल्लीनं माझ्याकडे पाहिलं. घराण्यातला पहिला पदवीधर त्या भिंतीला टेकून उभा होता. आईचा चेहरा उतरत चालला होता, आणि सासऱ्यांच्या तोंडून आता काय निघेल याची मी वाट पाहत होतो. तेवढ्यात चाचा वहीत लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाले, "हा ढेकूण कुणाच्याबी मागं येत न्हाई बरं का, ताई. परमनंट माणसालाच धरतो. कॉन्ट्रॅक्टवाल्याच्या अंगात रगत असतंय कुठं?"

आई थबकली. "म्हंजी हा कंपनीचा हाय?"

"कंपनीचा."

"आन् परमनंट झाला व्हय रं तू? आमाला बोलला न्हाईस ते!"

मी खुंटीवरची बॅग काढायला वळलो. मी तेव्हा ठेकेदाराकडेच होतो. आईनं सासऱ्यांकडे पाहिलं, मग शेजारणींकडे पाहिलं. मग अंगणात जाऊन स्वतः बसली, कापूस गोळा केला, तो खोळीत भरायला चाचांना हात दिला. चाचांनी टाके घातले. गादी तयार झाल्यावर तिनं ती कुणाला हात लावू न देता एकटीनं उचलली, आत नेली आणि आमच्या कॉटवर अंथरली. माफी मागायची म्हणजे कशी मागायची, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. सासऱ्यांनी तेव्हा चपला काढल्या आणि आत येऊन चहा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ही परत आली. त्यानंतर आजपर्यंत आमच्या घरातली कुठलीच गादी उन्हाव्यतिरिक्त दुसऱ्या कारणानं अंगणात गेलेली नाही.

चाचांना एसटीत बसवताना मी म्हणालो, "चाचा, मी अजून कॉन्ट्रॅक्टवर आहे." ते खिडकीतून म्हणाले, "ते तुझं तू बघ. माझ्या वहीत परमनंट लिवलंय. वहीत मी खाडाखोड करत न्हाई." त्या वहीत न तपासता केलेली नोंद माझ्या माहितीप्रमाणे ती एवढीच असावी. पुढे दीड वर्षानं मी खरंच कायम झालो, तेव्हा पेढे घेऊन आधी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पेढा घेतला आणि आश्चर्य दाखवलं नाही.

आता ते दुकान नाही. लोक फोमच्या गाद्या घेतात, त्या पिंजायला लागत नाहीत. ढेकूण आला तर औषध मारणाऱ्याला फोन करतात, आणि तो कुणाचं नाव-गाव विचारत नाही. चाची गेल्या. चाचा मिरजेला लेकीकडे राहायला गेले. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, वाचता येतं, पण ऐकू फारच कमी येतं. मी दोन-तीनदा फोन केला. ते "कोण? कोण?" म्हणत राहिले. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती, आणि ती ओरडून सांगण्यासारखी नव्हती. म्हणून गेल्या आठवड्यात बऱ्याच वर्षांनी पत्र लिहिलं. ते इथे उतरवतो.

आदरणीय चाचांस,

सलाम. आम्ही सर्व खुशाल आहोत. आई तुमची आठवण काढते. आपली तब्येत कशी आहे ते कळवावं.

चाचा, त्या दिवशी केंदूरला तुम्ही "बॅग कुणाची?" असं विचारलंत आणि मला तोंडघशी पडू दिलं नाहीत. त्याबद्दल मी तुमचे आभार पुष्कळदा मानले. पण एक गोष्ट तेव्हा सांगितली नाही. मला आधीच ठाऊक होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बॅगेच्या चेनवर मी एक ढेकूण पाहिला होता. मी तो बोटानं आत ढकलला आणि चेन ओढून घेतली. बाहेर आई पाहुण्यांना सांगत होती की आमच्या सात पिढ्यांत असं शिकलेलं पोर झालं नाही. त्यानंतर गादी अंगणात गेली, ही माहेरी गेली, आणि मी अकरा दिवस येता-जाता ती गादी पाहत होतो. एक वाक्य बोललो असतो तर काम झालं असतं. तुमच्याकडे आलो ते ढेकूण ओळखून घ्यायला आलो नव्हतो. माझं वाक्य दुसऱ्या कुणीतरी बोलावं म्हणून आलो होतो. दुकानात "ढेकूण दुपारचा दिसला?" असं विचारल्यावर मी हो म्हणालो तेव्हा तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलंत. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, असं मला वाटत आलं आहे.

परवा लेकीच्या शाळेतून तक्रार आली. तिनं वर्गात फुलदाणी फोडली आणि दुसऱ्या मुलीला बोलणी बसत असताना गप्प राहिली. मी तिला रागवायला बसलो. ही शेजारीच भाजी निवडत होती. मला पुढे बोलता आलं नाही. हिनं वर पाहिलं, पण का थांबलात असं विचारलं नाही. तिनं त्या अकरा दिवसांबद्दलही कधी काही विचारलेलं नाही.

एवढंच सांगायचं होतं. प्रकृतीला जपा.

आपला नम्र

ता. क. पत्र पोस्टात टाकायला हिच्याकडेच देतो आहे. पाकीट चिकटवलेलं नाही.